कवठेएकंदचा दसरा: औट, झाडकाम आणि कॅमेरा

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं कवठेएकंद हे गाव शोभेच्या दारूकामासाठी ओळखलं जातं. विजयादशमीच्या रात्री सिद्धराज महाराजांची पालखी निघते आणि तिच्यासोबत गावातली मंडळं आपापलं काम उडवतात. आभाळात जाऊन फुलासारखे फुटणारे औट, जमिनीवर ठिणग्यांचा फवारा सोडणारी शिंगटं, फांद्याफांद्यांनी पेटणारी झाडं (म्हणजे झाडकाम), चक्रं, धबधबे. हे रात्रभर चालतं, आणि भोवती गर्दी असते. कॅमेरा घेऊन तिथं जाणारे पुष्कळ आहेत, पण बऱ्याच जणांचे फोटो एकाच कारणानं फसतात. औटांसाठी लावलेलं सेटिंग ते झाडकामालाही तसंच ठेवतात आणि पालखीलाही. ही तीन वेगळी कामं आहेत. प्रत्येकाचा प्रकाश वेगळा, वेगही वेगळा.

आधी औटांचं बघू, कारण तिथला हिशोब कळला की बाकीचं सोपं जातं. औट फुटल्यावर त्यातला प्रत्येक तारा पेटत पेटत पुढं सरकतो. सेन्सरवरच्या एका ठिपक्यावर त्याचा प्रकाश क्षणभरच पडतो, मग तो पुढच्या ठिपक्यावर जातो. त्यामुळं शटर दोन सेकंद उघडं ठेवा नाहीतर आठ, त्या रेघेची उजळी तीच राहते. ती ठरते अ‍ॅपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडं) आणि आयएसओवर (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील). शटरच्या वेळेनं बदलतं ते बाकीचं सगळं: फ्रेममध्ये किती औट जमा होतात, खालची माणसं, घरं आणि देवळाचं शिखर किती दिसतं, धूर किती उजळतो. थोडक्यात, अ‍ॅपर्चर आगीसाठी आणि शटर गावासाठी.

यातूनच पुढची गोष्ट निघते. गर्दी काळी येतेय म्हणून लोक आयएसओ वाढवतात. त्यानं गर्दी उजळते, पण औटाची रेघही तितकीच उजळते आणि पांढरी पडते. आग आणि गाव यांच्यातलं प्रमाण बदलायचं असेल तर ते फक्त वेळेनं बदलतं. आयएसओ 100 ला ठेवा आणि तिथून हलवू नका.

सुरुवात आयएसओ 100, एफ 8, 4 सेकंद अशी करावी (एफचा आकडा वाढला की अ‍ॅपर्चर लहान होतं). रस्त्यावर दिवे असतील तर एवढ्यात गर्दीचा आकार नीट दिसतो. मग अ‍ॅपर्चर रंगाप्रमाणं सरकवायचं. कोळसा आणि लोखंडाच्या किसाचं सोनेरी काम मंद असतं, त्याला एफ 5.6 ते 8. लाल (स्ट्रॉन्शियमचा) आणि हिरवा (बेरियमचा) एफ 8 ते 11 मध्ये सुरेख येतात. टायटॅनियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियमचं लखलखीत पांढरं काम एफ 13 ते 16 मागतं. तांब्यापासून येणारा निळा सगळ्यात नाजूक. तो मुळातच मंद असतो, आणि शेजारी पांढरा फुटला की फोटोत हरवतो. निळा दिसला तर पुढच्या औटाला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड येईल इतकं, उघडा. एफ 16 च्या पुढं जाऊ नका, चित्र मऊ पडायला लागतं. त्यापेक्षा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) बरा. पांढऱ्या कामाची लांब फैर असली की एनडी लावून एफ 5.6 वर काम करता येतं.

हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघताना एकत्रित आलेखावर विसंबू नका, लाल चॅनेल वेगळा बघा. लाल औटात तोच आधी मर्यादेबाहेर जातो, आणि मग तांबडी रेघ पिवळसर, शेवटी पांढरी दिसते. फुलाचा मध्यबिंदू जळाला, म्हणजे नुसता पांढरा झाला, तरी चालेल. पाकळ्या जळता कामा नयेत.

शटर बल्ब मोडवर (बटण दाबून धरू तोवर उघडं राहतं) आणि हातात केबल रिमोट असावा. वायरलेस रिमोट नेमका हवा तेव्हा दगा देऊ शकतो, म्हणून वायरचाच बरा. औट सुटल्याची ठिणगी दिसली की उघडायचं. वर जायला त्याला तीन-चार सेकंद लागतात. फुटल्यावर पाकळ्यांची टोकं खाली वाकायला लागली की बंद करायचं. एकूण सहा-सात सेकंद होतात. सुटल्याच्या आवाजाची वाट बघत बसलात तर लांबून उशीर होतो, कारण आवाज सेकंदाला साधारण 340 मीटरनंच येतो. डोळे सुटण्याच्या जागेवर ठेवा. चार-पाच मंडळं एकाच वेळी उडवायला लागली की मात्र दोन-तीन सेकंदांवर या, नाहीतर एकावर एक साचून नुसता पांढरा लोळ येतो.

औट तुरळक असतील तर काळा पुठ्ठा कामाला येतो. साधारण 15 बाय 20 सेंटिमीटरचा, मॅट काळ्या कागदानं मढवलेला. शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवायचं, औट नसताना पुठ्ठा भिंगासमोर धरायचा, सुटला की बाजूला करायचा. भिंगाला टेकवायचा नाही, हिसका बसतो. रस्त्याचे दिवे फक्त उघड्या वेळेतच जमा होतात, म्हणून आभाळात तीन फुलं आणि खाली बेताचा उजेड असं एकाच फ्रेममध्ये मिळतं.

कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करून ठेवा. ती चालू असली तर सहा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी सहा सेकंद अंधाराची फ्रेम घेत बसतो आणि तेवढ्यात दोन औट निघून जातात. ट्रायपॉडवर असताना भिंगातलं आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद. फॉर्मॅट रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), व्हाइट बॅलन्स (फोटोच्या रंगाची झाक ठरवणारं सेटिंग) 3800 ते 4500 केल्विनच्या दरम्यान कुठंतरी एका जागी ठेवलेला. ऑटोवर ठेवलात तर लाल औटानंतरची फ्रेम निळसर आणि निळ्यानंतरची पिवळसर येते.

फोकस उजेड असतानाच उरकून घ्यावा. लांबचा दिवा लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) दहापट मोठा करून हातानं फोकस करा, ऑटो बंद करा आणि रिंगवर कागदी टेपचा तुकडा लावा. रिंग शेवटपर्यंत फिरवली म्हणजे अनंतावर फोकस झाला असं समजू नका. बहुतेक भिंगांची रिंग अनंताच्या थोडी पुढंच जाते. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 18 मिमी आणि एफ 8 असेल तर दोन मीटरवर फोकस केला तरी साधारण एक मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे समोरच्या माणसाचा फेटाही आणि औटही.

भिंग कोणतं, हे अंतरावर ठरतं. औट साधारण 100 मीटर उंचीवर फुटत असेल आणि तुम्ही त्याच्या पायथ्यापासून 150 मीटरवर असाल, तर तो 34 अंश वर दिसेल. 18 मिमी भिंग एपीएस-सीवर उभं धरलं तर 66 अंश दिसतात, त्यामुळं खाली गर्दीची डोकी आणि वर पसरलेलं फूल दोन्ही निवांत बसतं. 60 मीटरवर आलात तर तोच औट जवळजवळ 60 अंशांवर जातो आणि 18 मिमीमध्ये त्याची वरची बाजू कापली जाते. तिथं 10 ते 12 मिमीचं भिंग लागेल. अंतराचा अंदाज आवाजावरून घ्या. फुटल्याची चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद गेला तर औट तुमच्यापासून 170 मीटरच्या आसपास आहे. चमक आणि आवाज एकदमच येत असतील तर तुम्ही फार जवळ आहात. मागं सरका, फोटोसाठीही आणि जिवासाठीही.

नुसत्या आभाळाचा फोटो मात्र काढत बसू नये असं मला मनापासून वाटतं. काळ्या पडद्यावरचं फूल कुठल्याही गावचं असू शकतं. शिखर, कौलं, कठड्यावर बसलेली पोरं, खांद्यावर घेतलेलं लेकरू यातलं काहीतरी फ्रेममध्ये हवंच, तरच ती कवठेएकंदची रात्र होते.

जमिनीवरचं काम

इथं औटांचा नियम उलटतो. शिंगटातून किंवा झाडातून निघणाऱ्या ठिणग्या त्याच त्या जागेवरून पुन्हा पुन्हा जातात. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी सेन्सरवर साचत जाते. त्यामुळं इथं शटरची वेळ उजेडही वाढवते. चार सेकंद ठेवलेत तर फवाऱ्याच्या जागी पांढरी पिशवी उरते, आत एकही धागा दिसत नाही.

शिंगटांना आयएसओ 100, एफ 11 आणि 1/8 ते 1/2 सेकंद. 1/60 ला ठिणग्या तुटक टिंबांसारख्या येतात, 1/8 ला त्यांना शेपूट फुटतं, 1/4 ला धागे दिसतात. मला 1/4 सगळ्यात जिवंत वाटतं. तोंडाजवळचा भाग कायम जास्त उजळ असतो, तो जळू द्या आणि वरच्या पसाऱ्याचं बघा. चक्राला एक पूर्ण फेरा पुरे. सेकंदाला दोन फेरे घेत असेल तर अर्धा सेकंद, त्याहून जास्त ठेवलं तर चक्र नुसतं पांढरं होतं. धबधब्यात ठिणगीला तीन मीटर खाली पडायला पाऊण सेकंद लागतो, म्हणून अखंड धार हवी असेल तर शटर 3/4 ते 1 सेकंद. पण हे काम बहुधा पांढरं आणि प्रखर, म्हणून एफ 16, नाहीतर एनडी.

झाडकाम टप्प्याटप्प्यानं पेटतं. एक फांदी, मग पुढची, मग टोक. पहिल्या टप्प्यावर एक्स्पोजर बरोबर आलं म्हणून हात सोडू नका, सगळं झाड एकदम पेटल्यावर उजेड दोन-तीन स्टॉपनी वाढतो. आधीच एक स्टॉप कमी ठेवलेलं बरं. रॉ फाइलमध्ये अंधारातला तपशील उचलता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही. झाड पेटायच्या आधी त्याच्या खांबाकडं बघून फ्रेम ठरवा आणि वर निदान त्याच्या निम्मी जागा मोकळी सोडा. ठिणग्या आपल्या अंदाजापेक्षा उंच जातात.

माणसं आणि पालखी हे तिसरं काम. ट्रायपॉड मिटवा, कॅमेरा हातात घ्या, 35 किंवा 50 मिमीचं भिंग, एफ 2 ते 2.8, 1/125, आयएसओ 1600 ते 3200. फ्लॅश वापरू नका. आगीचा उजेड तोंडावर एका बाजूनं पडतो, तोच या फोटोचा जीव असतो आणि फ्लॅश तो पुसून टाकतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर ठिणग्यांनी फसतो, म्हणून मॅन्युअलवर राहा आणि उजेड चेहऱ्यावरून ठरवा. फोकस एकाच बिंदूवर, फेट्याच्या किंवा कपाळाच्या कडेवर घ्या. ऑटोफोकस मोकळा सोडलात तर तो मधून जाणाऱ्या ठिणगीमागं धावतो. कॅमेऱ्याचा फोकसचा दिवा बंद करा, पालखी वाहणाऱ्याच्या डोळ्यांत तो तिरीप मारतो.

पालखी आणि औट एकाच फ्रेममध्ये हवे असतील तर पालखी थांबते तेव्हाच ते साधतं. चालती पालखी चार सेकंदांत विरघळून जाते. थांबली की एफ 8, 4 सेकंद. भोई सगळे निश्चल राहत नाहीत, आणि तशी गरजही नाही. दोन-तीन चेहरे स्थिर आले आणि बाकीचे हलले तर गर्दी गर्दीसारखी दिसते.

उभं कुठं राहायचं

अरुंद रस्त्यात ट्रायपॉडचे पाय पसरून उभं राहणं हा दुसऱ्याला पाडायचा उद्योग आहे. करू नका. खाली असाल तर मोनोपॉड (एकपायी दांडा), नाहीतर तिन्ही पाय एकत्र मिटवलेला ट्रायपॉड, पाठ भिंतीला. खरी जागा गच्चीवर, घरमालकाला विचारून. उजेड असतानाच जा, ओळख करून घ्या, आणि घरची माणसं जिथं बसणार ती कठड्याची जागा त्यांनाच राहू द्या.

गच्चीवर एक अडचण असते जी खालून दिसत नाही. वीस माणसं स्लॅबवर चढली, पोरं उड्या मारायला लागली की स्लॅब कंप पावतो, आणि सहा सेकंदांच्या फोटोत सरळ रेघ नागमोडी होते. सगळ्या औटांच्या रेघा सारख्याच लयीत वळवळलेल्या दिसल्या तर दोष फोकसचा नाही, पायाखालचा आहे. दोन खांबांच्या मधोमध स्लॅब जास्त हलतो. ट्रायपॉड कोपऱ्यात, खांब किंवा बीम येतो तिथं लावा. मधला दांडा वर काढू नका. पिशवी दांड्याला टांगायचीच असेल तर तिचा तळ जमिनीला टेकू द्या, झोके घेणारी पिशवी उलट हलवते. कठडा रुंद असेल तर ट्रायपॉडही नको. जाड कापडाच्या पिशवीत किलोभर तांदूळ भरा, कठड्यावर ठेवा, त्यात कॅमेरा दाबून बसवा आणि पट्टा मनगटात अडकवा. खाली माणसं आहेत. दर आठ-दहा फोटोंनी क्षितिज तपासा, कुणाचा तरी पाय लागलेला असतो.

जागा निवडताना धुराचा विचार आधी करा. वारा तुमच्या डावीकडून उजवीकडं किंवा उलट, म्हणजे आडवा वाहत असेल तर उत्तम. धूर फ्रेमच्या बाहेर निघून जातो. पाठीकडून वारा असेल तरी चालेल, धूर औटांच्या मागं साचतो आणि रंग पकडतो. तोंडावर वारा असेल ती जागा सोडा, तिथं पाऊण तासात भिंगासमोर फक्त करडा पडदा राहतो. संध्याकाळी अगरबत्ती पेटवून धूर कुठं जातो ते बघा. वारा पडलेल्या रात्री प्रत्येक फैरीतले पहिले दोन-तीन औट सगळ्यात स्वच्छ असतात, तयार राहा.

दशमीचा चंद्र जवळजवळ पाऊण भरलेला असतो. संध्याकाळी दक्षिणेकडं दिसतो आणि मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास मावळतो. तोवर आभाळ अगदी काळं नसतं आणि धुरालाही चांदण्याची झाक येते. चंद्र फ्रेममध्ये घेतलात तर चार सेकंदांत तो नुसता पांढरा ठिपका होतो, त्यामुळं शक्यतो उत्तरेकडं तोंड होईल अशी जागा बघा. मावळल्यावर तेच सेटिंग जास्त गडद फोटो देतं, तेव्हा शटर दोन सेकंदांनी वाढवलं तरी चालतं.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात. नाइट मोड बंद ठेवा. तो अनेक फ्रेम जोडतो आणि औटाची रेघ तुकड्यांत येते. प्रो मोडमध्ये आयएसओ 50, 1/4 ते 1/2 सेकंद, फोकस हातानं अनंतावर, फोन कठड्याला टेकवलेला. स्क्रीनचा उजेड कमी करा, मागच्यांच्या डोळ्यांत जातो.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनच्या जॅकेटला ठिणगीनं भोक पडतं आणि वितळलेला भाग कातडीला चिकटतो. डोळ्यांवर साधा चष्मा, कानात फोमचे बोळे, खिशात ओला रुमाल. फुसका गेलेला औट जमिनीवर दिसला तर त्याच्याजवळ फोटोसाठी वाकू नका, तो नंतरही उडू शकतो. दारू भरायच्या जागेकडं कॅमेरा घेऊन फिरकूच नका. शिरायच्या आधी बाहेर पडायची गल्ली बघून ठेवा, लहान मुलं सोबत असतील तर आणखीच.

यूव्ही फिल्टरबद्दल (भिंगावर लावायची संरक्षक काच) माझं मत दोन तुकड्यांत आहे. लांबून औट टिपताना तो काढा, अंधारात प्रखर उजेड असला की फिल्टरच्या सपाट काचेतून फोटोत उजेडाची उलटी प्रतिबिंबं पडतात. झाडकामाजवळ मात्र लावाच. लोखंडाची तापलेली ठिणगी काचेवर पडली तर बारीक खड्डा पाडते आणि तो पुसून जात नाही. धुरात भिंग बदलू नका, गुलाल उधळला जात असेल तर अजिबातच नको. धुराच्या जागी एकच झूम लावा आणि तोच ठेवा. 24 मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबीची असते, 800 फोटोंना 64 जीबीचं कार्ड पुरतं. बॅटऱ्या तीन, बल्ब मोड त्या लवकर खातो.

घरी फोटो कार्डावरून काढून संगणकावर बघताना आधी हायलाइट खाली आणा, मग काळा थोडा खोल करा. क्लॅरिटी ओढली की धुराच्या कडा घाण दिसतात. दोन-तीन फ्रेम लाइटन मोडमध्ये (प्रत्येक ठिकाणी त्यातला उजळ भाग घेणारा) एकत्र करून भरगच्च आभाळ करता येतं. करा, पण खाली तसं लिहा, कारण त्या मंडळानं एका वेळी किती औट सोडले हे बघणारा फोटोवरून समजतो. आणि मंडळाचं नाव माहीत असेल तर तेही लिहा. हे काम त्यांनी हातानं भरलेलं असतं.

कॅमेरा त्याच रात्री, निदान सकाळी उठल्या उठल्या साफ करावा. दारूच्या धुरातले पोटॅशियमचे क्षार हवेतली ओल ओढतात आणि धातूला गंज आणतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, त्यानंतरच भिंगाच्या द्रवानं ओलसर केलेलं कापड. कोरडं कापड आधी फिरवलंत तर काजळीतले बारीक खडे काचेवर ओरखडे पाडतात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसा, सांधे वाळू द्या, मगच मिटवा. बॅग उलटी करून झटका, तळाशी जळक्या कागदाचे तुकडे सापडतील.